एकेचाळीस नंबर

२२ एप्रिल २००७, रविवार

सीझनची पहिली रेस. माझं नववं वर्ष. न्युरेम्बर्गहून पाऊण तास, मग शेतातला कच्चा रस्ता. आवाज आधी येतो, मैदान नंतर दिसतं. पहिल्यांदा आलो ते ९९ साली. तेव्हा विद्यार्थी होतो, त्साइडलरांची माडीवरची खोली नुकतीच भाड्याने घेतलेली, रविवार, ओळखीचं कुणी नाही. म्हाताऱ्याने दार वाजवलं. "चल, गाड्या बघू." कुठल्या गाड्या, ते समजण्याइतकं जर्मन येत नव्हतं.

भंगारात जायच्या गाड्या. काचा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, ओल्या चिकणमातीचा लंबगोल ट्रॅक, आणि एकमेकांना ठोकायची परवानगी! चालकाचं दार सोडून कुठेही. मी घरी फोन करून सांगितलं तर बाबा म्हणाले, शिकायला गेलायस की काय करायला?

आज एक निळी गाडी दीड कोलांटी खाऊन छपरावर पडली. आवाज बसेपर्यंत ओरडलो. चालक बाहेर येऊन गाडीच्या पोटावर उभा राहिला. त्या क्षणाला जगात दुसरं काही नसतं.

त्साइडलरांची कुरकूर चालूच. पूर्वी एक दोरी होती आणि बिअरचं एक बाकडं, आता बॅनर काय, लाउडस्पीकर काय, हे थिएटर झालंय. दर वर्षी म्हणतात, दर वर्षी सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेले असतात. त्यांची बायको हान्नेलोर अकरा वर्षं आलेली नाही. "घाबरते," म्हणतात.

माझी बायको वृंदा एरवी चटई टाकून पुस्तक वाचते. आज कुंपणाशी येऊन उभी राहिली. चार फेऱ्या बघितल्या. मग, "तो पांढरा फार लवकर वळतोय. कोपरा संपता संपता वळला तर बाहेर फेकला जाणार नाही." कराडच्या कॉलेजातली फिजिक्सची मॅडम जागी झाली. इथे ती डिग्री चालत नाही, आठवड्याचे वीस तास बेकरीत उभी असते.

२५ एप्रिल

वृं. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दुसऱ्यांदा नापास. कारण तेच, परीक्षकाने लिहिलंय: त्स्योगरलिश. म्हणजे कचरते. चौकात सगळ्यांना जाऊ देते, मग स्वतः.

भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, "मी कचरत नाही. मी बघते."

१३ मे, रवि.

मी, वृं. आणि आमची लेक सई, खाली त्साइडलरांच्या शेडमध्ये. (सईला त्यांना काका म्हणायला शिकवलं होतं. जर्मन पोरांच्या भाषेत काका म्हणजे शी. बालवाडीत काय हसले असतील. तेव्हापासून आम्ही सगळेच त्यांना ओपा म्हणतो, आजोबा.)

ओपा खिन्न. त्यांची भाची काट्या दर वर्षी डामेनलाउफमध्ये, म्हणजे बायकांच्या रेसमध्ये, त्यांची गाडी चालवते. ती घोड्यावरून पडली, मनगट मोडलं. इतकी वर्षं गाडीत काही झालं नाही, आणि घोड्याने... गाडी तयार, रंग तेवढा बाकी.

वृं. पिंजऱ्याच्या पाइपांवर हात फिरवत होती. म्हणाली, "इष फारं."

मी चालवते.

ओपांना वाटलं तिचं जर्मन चुकलं. मलाही. तिने पुन्हा म्हटलं, सावकाश, वर्गात म्हणतात तसं. "पण तुझ्याकडे लायसन नाही," मी मराठीत. तिने ओपांना विचारलं. शेत खाजगी आहे, अठरा पूर्ण लागतात, बस्स.

मी हसलो. आज नोंदवून ठेवतो की मी हसलो.

२० मे

ओपांच्या मित्राच्या रिकाम्या शेतात प्रॅक्टिस. पहिल्या तीन फेऱ्यांत दोनदा इंजिन बंद. मग नाही. हेल्मेटमध्ये ती कुणीतरी परकी दिसते. उतरली तेव्हा मातीतल्या स्वतःच्याच चाकोऱ्या कुतूहलाने बघत होती.

सईने दारावर पिवळ्या रंगात आकडा काढला, ४१. चारची शेपटी वाकडी. पुसू दिली नाही.

२४ जून, रवि.

उशीर झालाय. तरी आजच लिहायला हवं.

डामेनलाउफ, अकरा गाड्या. वृं. आठवी सुटली. पहिल्या फेरीत सगळ्यांना जाऊ दिलं. मागे कुणीतरी हसलं. दुसऱ्या वळणावर पुढच्या चार एकमेकींत अडकल्या आणि ही बाहेरच्या कडेने, मातीचा ढीग असतो तिथून, शांतपणे निघून गेली. ओपांनी माझा दंड धरला. मग दर फेरीला तेच. कुणी कुणाला ठोकायला गेली की ही दुसरीकडून. कोपरा संपता संपता वळायची. आता तिसरी होती! मला विश्वास बसेना. बेकरीत उभी राहते ती, चौकात थांबते ती...

शेवटच्या फेरीला समोरच्या कोपऱ्यात धुरळा झाला. पाणी मारलं होतं तरी. धुरळ्यातून एक गाडी वर आली, बाजूवर, मग छपरावर. आणि मी दोन्ही हात वर करून ओरडलो. "हो! हो! हो!" नऊ वर्षांची सवय. आजूबाजूचे सगळे ओरडत होते.

लाल झेंडा. धुरळा बसला. गाडीची चाकं वर, आकडा उलटा. उलटा आकडा वाचायला वेळ लागतो. पिवळा होता.

हात वरच राहिले होते. खाली कसे आणायचे ते आठवेना.

कुंपण ओलांडू देत नाहीत. माणसं धावली. किती वेळ गेला माहीत नाही, ओपा म्हणतात वीस सेकंद. मग खिडकीतून एक हात बाहेर आला, अंगठा वर. मैदान गरजलं. ओपांच्या खांद्यावरून सई किंचाळली, "मामा इस्ट गेफ्लोगन!" आई उडाली! आनंदाने.

वृं. चालत आली. माती दातांपर्यंत. डॉक्टरने मान, डोळे, सगळं तपासलं, पट्ट्यांचा वळ सोडून काही नाही. कुंपणापाशी येऊन म्हणाली, "पाणी दे." प्यायली. मग,

"तिसरी होते ना मी?"

२५ जून

रजा टाकली. ती बेकरीत गेली. खांदा निळा झालाय, तरी गेली.

संध्याकाळी विचारलं, उलटी असताना काय वाटलं. विचार करून म्हणाली, "शांत होतं रे. माती हळूहळू खाली पडत होती आणि माझी वेणी छपराला टेकली होती. पेट्रोलचा वास येतोय का बघितलं. नव्हता. मग वाटलं, आता हळू पट्टा सोडायचा, एक हात छपराला लावून, नाहीतर डोक्यावर पडेन." खांदा चोळला. "इथे आल्यापासून पहिल्यांदा मला पुढे काय करायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही."

तिच्याकडे बघत बसलो. सहा वर्षं एका घरात राहतोय आम्ही.

२७ जून

ओपांनी गाडी ठोकून सरळ केली. छप्पर बदलणार. बायकांची पुढची रेस १६ सप्टेंबर. वृं. हो म्हणून आली, मला न विचारता.

भांडण. मी: सई पाच वर्षांची आहे. ती: माहितीये, मीच जन्माला घातली. मी: उद्या काही झालं तर कराडला तुझ्या आईंना काय सांगू? ती उठून ताटं उचलायला लागली. वाटलं जिंकलो. मग अगदी हळू आवाजात,

"तू नऊ वर्षं कुणाच्या ना कुणाच्या बायकोला, कुणाच्या मुलाला बघून ओरडत होतास. तेव्हा नाही विचारलंस त्यांच्या आईंना काय सांगणार."



१ जुलै, रवि.

बोलणं कामापुरतं. हान्नेलोर स्ट्रॉबेरी केक घेऊन जिना चढून आली, वृं. सईला घेऊन बागेत होती. मला वाटलं ही तरी माझ्या बाजूची. म्हटलं, तुम्हीच सांगा तिला, भीती काय असते.

"कसली भीती?"

"ओपा म्हणतात तुम्ही घाबरून यायचं बंद केलंत."

हसू आवरेना तिला. नेहमीसारखं माझं नाव लांबवत म्हणाली, "त्याला तसं सांगितलंय मी. त्याला बरं वाटतं. खरं सांगू? कंटाळा आला. अठरा वर्षं, माकारांद! गोल गोल गोल. एका रविवारी मी रात्रीच्या सुपात काय घालायचं याचा विचार करत होते आणि समोर गाडी जळत होती. म्हटलं, हान्नेलोर, घरी जा."

केक कापता कापता म्हणाली, "सप्टेंबरला मात्र येणार आहे."

२२ जुलै, रवि.

मधली रेस, फक्त पुरुषांची. ओपांबरोबर नेहमीसारखा गेलो. एक गाडी उलटली. सगळे ओरडले. मी ओरडलो नाही. नजर मैदानावरून काढून कुंपणाकडे नेली, कशाला ते माहीत नाही. आणि ती दिसली. पन्नाशीची बाई, हातात थर्मास, ट्रॅककडे पाठ करून उभी. झेंडा खाली येईपर्यंत वळली नाही. मग वळली, गाडीतून उतरणाऱ्या कुणालातरी हात केला, थर्मासचं झाकण उघडलं.

पुढच्या उलटण्याला दुसरा एक. म्हातारा, बुटांकडे बघत.

म्हणजे दर वेळी असतात, चालकांच्या घरची माणसं. नऊ वर्षं माझ्या शेजारी उभी होती ही माणसं आणि मी एकदाही पाहिली नाहीत.

ओपांना सांगितलं. त्यांनी सॉसेजला मोहरी लावली. "मी तीस वर्षं बघतोय," म्हणाले. "त्यांच्याकडे बघायचं नसतं." परत येताना गाडीत बॅनरांबद्दल, लाउडस्पीकरबद्दल एक शब्द नाही.

५ ऑगस्ट

वृं.ला आज ती ट्रॅककडे पाठ करून उभी राहणारी माणसं सांगितली. भात ढवळत ऐकत होती. "मग तू कुठे उभा राहणार?" एवढंच विचारलं. रागाने नाही.

१६ सप्टेंबर, रवि.

डामेनलाउफ दुपारी दोनला. गाड्या रांगेत आल्या तसा सॉसेजच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो. तिथून फक्त आवाज. नऊ गाड्या होत्या, मला एकच इंजिन ऐकू येत होतं. खोटं असेल, पण येत होतं. प्रत्येक दणक्याला डोळे मिटायचे, लाउडस्पीकरवर आकडा सांगतात का ऐकायचं. सतरा नंबर. आठ नंबर. एकेचाळीस नाही.

टपरीवाली म्हणाली, "इथून काही दिसत नाही हो."

म्हटलं, माहितीये.

मग का कोण जाणे, चालायला लागलो. कुंपणापाशी पोचलो तेव्हा पाच फेऱ्या उरल्या होत्या. हान्नेलोर पुढे वाकून उभी, सई तिच्या कुशीत. मी डोळे उघडे ठेवले. आणि पाहिलं.

कसं लिहू. नऊ वर्षं मी उलटणं बघायला जात होतो. चालवणं पाहिलंच नव्हतं. ती येत होती, घसरत, मागची चाकं बाहेर, पुढची आत, सगळी गाडी आडवी होऊन, आणि तरी जिथे जायचं तिथेच. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी सहज. मागून एकीने धक्का दिला, गाडी डगमगली, तिने सांभाळली. दुसरा धक्का. सांभाळली. माझ्या पायाखालची जमीन हलत होती, खरंच, अकराशे किलोचं ते धूड जवळून जातं तेव्हा हलते. इतका लहान मी कधी झालो नव्हतो, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. सह्याद्रीत पहिल्यांदा कड्यावर उभा राहिलो होतो तेव्हा असंच काहीसं... नाही, तेही नाही. कडा माझ्या घरी राहत नव्हता.

चौथी आली. ओपांनी टोपी काढली. "बास्ट शो," म्हणाले, म्हणजे 'ठीक आहे'. इकडचा फ्रँकन माणूस याहून जास्त कौतुक करत नाही. डोळे पुसले ते धुरळ्यामुळे.

हान्नेलोरला विचारलं, कंटाळा? मानही वळवली नाही तिने. वृं. हेल्मेट काढत होती, तिकडे बघत होती.

३० सप्टेंबर

क्लबचा माणूस घरी आला होता. पुढच्या वर्षी वृं.ने मिश्र रेसमध्ये उतरावं, पुरुषांबरोबर. तिथे वेग जास्त, गाड्या जड. तो गेल्यावर आम्ही दोघं बसलो. ती म्हणाली, "नाही म्हणालास तर ऐकून घेईन. मानेन असं नाही."

मी नाही म्हणालो नाही. हो पण नाही.

ओपा आता म्हणतात, मिश्र नको, बायकांचंच बरं. तीस वर्षांचा शौकीन! हान्नेलोर त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी सुनावत होती, जिन्यापर्यंत ऐकू आलं.

१४ ऑक्टोबर, रवि.

पुढच्या सीझनचा फॉर्म टेबलावर. वृं.ने सगळा भरलाय, तिच्या त्या फळ्यावरच्या सरळ अक्षरात. एकच ओळ कोरी ठेवलीये: अपघात झाल्यास कुणाला कळवायचं. "तू भर," म्हणाली. "नाहीतर हान्नेलोर भरेल, ती तयार आहे."

माझं नाव लिहिलं. फोन लिहिला. नातं: नवरा.

त्याखाली एक प्रश्न. ही व्यक्ती रेसच्या वेळी मैदानावर हजर असेल का? हो, नाही. दोन चौकटी, दोन्ही अजून कोऱ्या.

ती खाली शेडमध्ये ओपांबरोबर चाकं काढतेय. खिडकीतून दिसते. पान्यावर पाय देऊन, पूर्ण वजन टाकून उभी, नट सुटत नाहीये. ओपा पुढे झाले, तिने हाताने थांबवलं. पुन्हा वजन टाकलं.

पेन हातात आहे. तिने वर बघितलं तर खूण करून सांगेन, अजून भरतोय. पण ती बघत नाहीये.