पाय लागला तर

बाबा,

काल ते जुने खिळ्यांचे बूट टाकायला काढले. इथे योकोहामात कचरा वेगवेगळा करून टाकावा लागतो, आणि हे बूट नेमके कशात जातात तेच कळेना, म्हणून पिशवी परत आत आणली. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात.

कॅनडात मी तिथल्या, हातात चेंडू घेऊन पळायच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये लाइनबॅकर होतो. तुम्ही सांगलीच्या नातेवाइकांना सांगायचात, "कबड्डीतला पकडणारा समजा, फक्त चिलखत घातलेला." तसं बरोबरच होतं ते. चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करायचं, हेच माझं काम. सुरुवातीला मात्र माझी एक खोड होती. पडलेल्यांच्या ढिगातून उठताना कुणाला पाय लागला, की माझा हात आपोआप त्याला लागायचा आणि मग छातीशी यायचा. वळण तुमचंच. विनिपेगच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला पाय लागला, तरी तुम्ही विळीवरून मान वर न करता विचारायचात, "पाय लागला ना? मग?" एकदा प्रशिक्षक सगळ्यांदेखत ओरडले, "हे काय, चर्चमध्ये आलायस का?" सगळे खो खो हसले. मी ती सवय मोडली. वेळ लागला, पण मोडली, आणि त्यानंतर माझा खेळ सुधारला असं सगळेच म्हणाले. मलाही ते खरं वाटलं.

नव्वदीच्या दशकात तिथल्या संघानं मला काढलं, तेव्हा इथल्या एका कंपनीनं बोलावलं. आठवडाभर ऑफिसात टेबलाशी बसायचं आणि रविवारी कंपनीच्या संघातून खेळायचं. आई गेल्यानंतर तुम्ही एकटेच मला भेटायला आलात आणि स्वेटरवर स्वेटर चढवून सामना बघायला बसलात.

समोरच्या संघातला एक विशीतला पोरगा मला सारखा चकवून पळतोय. माझं वय झालंय, हे त्याला कळलंय. शेवटी एकदा मी त्याला पाडतो. उठताना माझा बूट त्याच्या बोटांवर पडतो. पाय बाजूला ठेवता आला असता. ठेवत नाही. तो कळवळतो, आणि मी पाठ फिरवून चालू लागतो.

सामना संपल्यावर दोन्ही संघ ओळीत उभे राहून प्रेक्षकांपुढे वाकतात, तशी इथली रीत आहे. मी वाकून सरळ झालो, तर तुम्ही मैदानात, त्या पोरासमोर. त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताला तुम्ही हलकेच बोटं लावलीत आणि छातीशी नेलीत. त्याला काही कळलं नाही. "दाइजोबु, दाइजोबु," काही झालं नाही म्हणत तो वाकला, मग तुम्ही वाकलात, मग पुन्हा तो. आमच्या कप्तानानं मला विचारलं, "ओतोसान?" वडील का? मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मला ठाऊक.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बाबा, चारचौघांत तुम्ही माझी लाज काढलीत."

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "हात फार सुजलाय रे त्याचा," म्हणालात. आणि जरा वेळानं, "तुला भूक लागली असेल ना?"

माझी लाज कुणी काढली होती, ते मला तेव्हाही कळलं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी विनिपेगला आलो. सगळे एकेक करून तुमच्या पायांवर डोकं ठेवत होते. माझी पाळी आली. त्या पायांना हात लावायची मला लाज वाटली. मी उभ्यानंच हात जोडले. मागून काकू कुणाला तरी सांगत होती, "खेळून खेळून गुडघे गेलेत हो त्याचे, वाकता येत नाही बिचाऱ्याला." घरात अजूनही सगळे तेच समजतात.

हा कागद त्या बुटांच्या पिशवीतच ठेवतोय. गुडघे त्या दिवशी वाकत होते, बाबा.