काका, उद्यापासून बांधीत जाऊ नका

प्रिय तुळशीराम काका,

ज्या संस्थेने बँकॉकचं तिकीट, राहायची सोय आणि परिषदेची फी दिली, तिला अहवाल पाठवायचा आहे. चार रकाने भरून झाले. पाचव्यात विचारलंय, 'या प्रवासाचा तुमच्या संशोधनाला काय उपयोग झाला?' सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. आमगावच्या बाजारात एक चक्कर मारून आले, बाबांच्या दुकानात बसले, पुन्हा घरी आले. जीव थाऱ्यावर नाही. खरं उत्तर आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

आपली पहिली भेट आठवते? पीएचडीचं पहिलं वर्ष, गळ्यात दुर्बीण, पायात नवे बूट. तुमच्या बांधीत, भाताच्या शेतात, उभ्या धानात सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. तुम्ही बांधावरून, धुऱ्यावरून ओरडलात, "कोण आहेस वो पोरी? कायले आली?"

"सारस मोजायला."

"दोन आहेत. मोजले मी. आता जाय घरी!"

मी गेले नाही आणि तुम्हीही मला हाकललं नाही. तीन हंगाम तुम्ही माझ्यासोबत चिखलात उतरलात. पक्षी कधी उठला, कधी बसला, कोणतं कुत्रं जवळ आलं, सगळं मला सांगत राहिलात. माझी अर्धी वही तुमच्या बोलण्याची आहे.

मागच्या वर्षी माझा शोधनिबंध परिषदेत निवडला गेला, पण जायची ऐपत नव्हती. मी घरीच राहिले. तुम्ही विचारलंत, "मंग कोणी तिकीट देते का, विचारलं काऊन नाही?" खरंच विचारलं नव्हतं! नव्याने संशोधनात आलेल्यांना परिषदांना, प्रशिक्षणांना पाठवणाऱ्या संस्था असतात, हे मी तुमच्या त्या प्रश्नानंतर शोधलं. अर्ज भरला आणि यंदा मंजूर झाला.

पण परिषद नेमकी ऑगस्टमध्ये. घरट्यात दोन अंडी. मी म्हटलं, नाही जात.

"अंडे का तू उबवून राहिली?" तुम्ही म्हणालात. "मी आहो ना. रोज पाहून येतो. जाय तू."

मी गेले. परिषदेत लावायच्या संशोधनाच्या पोस्टरवर माझ्या नावाखाली तुमचं नाव छापून घेऊन गेले.

परिषदेच्या आधी दोन दिवस प्रशिक्षण होतं, पक्ष्यांचे आवाज टिपण्याचं. शिकवणाऱ्या बाई वयाने मोठ्या, फार शांत. त्यांनी मला विचारलं, "घरट्यापाशी रोज माणूस कशाला जातो? बांधावर यंत्र ठेवा आणि लांब राहा. प्रत्येक जोडीचा आवाज वेगळा असतो. पक्षीच तुम्हाला सगळं सांगतील." एवढं साधं! तीन वर्षं आपण चिखल तुडवत होतो, आणि हे मला सांगणारं माणूस तिथे, समुद्रापलीकडे बसलं होतं.

त्याच दुपारी मी तुम्हाला फोन लावला. "काका, उद्यापासून बांधीत जाऊ नका! गरजच नाही."

तुम्ही हसलात. "मले कामावरून काढून राहिली का?"

तुमचा आवाज बसला होता. मी विचारलं, "बरं नाही का?"

"बरा आहो. मादी बसून आहे. तू तुयं काम कर."

काका, का खोटं बोललात? तेव्हा तीन दिवसांचा ताप होता तुमच्या अंगात, हे मला नंतर कळलं. आणि मी? आवाज ऐकूनही पुन्हा विचारलं नाही. काकूंना फोन द्या, असं म्हणायला किती वेळ लागला असता? मला तर शिकलेलं सांगायची घाई!

तुम्ही दुसऱ्या दिवशीही बांधीत गेलात. संध्याकाळी धुऱ्यावरच बसलात, उठवेना. गोंदियाला नेलं, पण ताप डोक्यात गेला होता. तिथेच तुम्ही प्राण सोडलात. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोस्टरजवळ उभी होते. लोक विचारत होते, हे दुसरे संशोधक कोण? आणि मी हसत सांगत होते, "ते तिकडे आहेत, घरट्याजवळ." बाबांनी मला नागपूरला विमानातून उतरल्यावर सांगितलं. तोवर कोणीच सांगितलं नाही. मी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

हे आधी शिकले असते तर? मागच्याच वर्षी कोणी पाठवलं असतं तर? हा प्रश्न मला एका जागी बसू देत नाही. रकान्यात कसा लिहू तो?

तेरवीनंतर काकूंपाशी रडले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तू सांगतलं तरी गेलाच ना तो? तुयासाठी नोयता जात. त्याले आवडे." मग ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, "पिल्लू एकच वाचलं. पाहून ये."

पाहून आले. मातकट रंगाचं, आईच्या पायात पायात चालतं. धुऱ्यावर तुमच्या बसायच्या जागी मी बसले नाही.

परवा बँकॉकला शिकवणाऱ्या त्या बाईंचं पत्र आलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, येण्याजाण्याचा खर्च त्यांचा. वाचताच नाही म्हणायचं ठरवलं होतं. पुन्हा कोणाला मागे ठेवून जायचं? पण आपल्या भागातल्या कितीतरी बांध्यांवर तुमच्यासारखी माणसं तापात, पाण्यात उभी राहतात, आणि याची गरज नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी हो कळवलं आहे. तुम्हाला न विचारता, पहिल्यांदाच.

वचन देते काका, शिकून इकडेच येईन. घरी बॅग टाकायच्याही आधी कोहमाऱ्यापासून सालेकशापर्यंत, जिथे जिथे सारसाची राखण करणारं माणूस आहे, त्याच्या दारात जाईन. त्याला यंत्र दाखवीन, पण आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहीन.

तुमची सारस मोजणारी पोरगी,
वैशाली