एक्स-रेत न दिसलेलं

१४ नोव्हेंबर
एक्स-रे आला. हाड शाबूत! नातीचा, आकांक्षाचा, गुडघा परवा मैदानावर मुरगळला — पोलीस भरतीसाठी पळत होती. डॉक्टर म्हणाले, एमआरआय काढा. मी म्हटलं, मोडलं नाही म्हणजे नुसतं सरकलंय. त्याला मशीन कशाला? हसनाबादचा कारभारी बसवून देईल की.

१५ नोव्हेंबर
कारभारी आणि मी चौथीत एका बाकावर. कविता चालीत म्हणायची झाली की पहिला सूर त्याचा! आता लांबलांबून लोक त्याच्याकडं हात-पाय बसवायला येतात. आजही ओट्यावर दोघं जुन्या ओळी म्हणत बसलो. म्हणता म्हणताच त्यानं तेल लावलं, पाय ओढला, पिळला. आत कट्कन वाजलं. आकांक्षा किंचाळली.
"बसलं बघ!" कारभारी हसला. मीही टाळी दिली.
वाटेत ती म्हणाली, "आबा, बसलं तर मंग सरळ का होईना?"
अंगदला, तिच्या बापाला, काही सांगितलं नाही. त्याला असलं पटत नाही.

२६ नोव्हेंबर
गुडघा अजून वाकडाच. भरतीची मैदानी चाचणी जवळ आली.

९ डिसेंबर
अंगद आम्हाला जालन्याला घेऊन गेला. एमआरआय. पोर अर्धा तास त्या नळकांड्यात — हलायचं नाही! बाहेर ती ठकठक ऐकत मी पाठ असलेलं सगळं मनात म्हणून पाहिलं. एक कडवं पुरं होईना.
डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, फाटून तिचा पट्टा सांध्यात अडकलाय. "एक्स-रेत हाड दिसतं आजोबा, कूर्चा नाही." मग तिला — "पाय कुणी ओढला होता का?"
अंगद शेजारीच उभा.
"न्हाई सर. तशीच पुन्हा पळले, तवा झालं."
माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. गाडीत अंगद तिलाच बोलला — "गाढवे, पळायला कुणी सांगितलं व्हतं?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

१८ डिसेंबर
ऑपरेशन झालं. लवकर आणलं असतं तर शिवता आलं असतं, डॉक्टर म्हणाले. आता तुकडा काढूनच टाकला. भरती गेली.
उद्या अंगदला सांगतो.

१९ डिसेंबर
उद्या.

२१ डिसेंबर
कारभारी भेटायला आल्ता. अंगदसमोरच आकांक्षाला म्हणाला, "पोरी, म्या तर बराबर बसवून दिल्ता. पुन्हा कशी पडलीस?"
तिनं तोंडावर चादर ओढली. अंगद हातात कप तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला.