डावीकडे जिवंत, उजवीकडे निजलेले

वालेनी,
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

प्रिय तोआदेर,

मी बरी आहे, तुलाही देवाने बरं ठेवावं. पत्र असंच सुरू करायची आपली रीत आहे, पण या वेळी मी ते नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. का, ते पुढे कळेल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमन फाटकातूनच म्हणाला, "अग्लायाबाई, स्पेनचं आहे, तुमच्या भावाचं अक्षर दिसतंय." आणि मग तो माझ्याकडे बघत उभाच राहिला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. मी पत्र घेतलं आणि फाटक लावलं.

चार ओळी आहेत तुझ्या. "ताई, दोन प्रश्न. पहिला, मी मेलो कधी?" दुसरा प्रश्न इथे उतरवत नाही, तुला पाठ असणार. खरं लिहिलंस तर फेब्रुवारीत आईच्या सहाव्या वर्षाच्या प्रार्थनेला येतो, खोटं लिहिलंस तर मला कळेल आणि मग वालेनीत माझं कुणी नाही, असं तू लिहिलंयस. समजलं. खरं लिहायला बसले आहे, फक्त ते एकदम लिहिता येईल असं वाटत नाही.

इकडचं म्हणशील तर आलुबुखार यंदा खूप आले. अकरा बरण्या मुरांबा झाला. गाय विकली, माझ्याने आता धार काढवत नाही, बोटं आखडतात. चर्चवर नवे पत्रे बसवलेत, पाऊस पडला की आत प्रवचन ऐकू येत नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. विहिरीजवळचा अक्रोड अर्धा वाळलाय, अर्धा अजून फळं देतो. आई म्हणायची, अग्लायाला भांडी घासायची असली की ती आधी अंगण झाडते. तेच चाललंय माझं.

तर पहिला प्रश्न. तू मेलास २००१च्या मार्चमध्ये, आईला पुरून तीन आठवडे झाल्यावर, एका शनिवारी सकाळी.

चर्चमध्ये फादरना प्रार्थनेत वाचायला द्यायचा नावांचा कागद लिहीत होते. लहानपणी तूच तो मुठीत धरून आईच्या पुढे पळायचास. अजून तसाच आहे, मधोमध रेघ, डावीकडे जिवंत, उजवीकडे निजलेले. आईला डावीकडून उजवीकडे आणायचं होतं. बाबांच्या खाली तिचं नाव लिहिलं आणि तिच्या खाली तुझं. चुकून झालं असं लिहिलं असतं तर तू कदाचित मानलंही असतंस. चुकून झालेलं नाही. तू आईच्या मातीला आला नाहीस, म्हणजे माझ्यासाठी गेलास, असं मी स्वतःला सांगितलं. जिवंत माणूस उजवीकडे लिहिला की काय होतं म्हणतात ते तुला ठाऊक आहे. मी तुझं मरण मागत नव्हते. निदान रोज तरी नाही.

म्हातारे फादर होते तोवर निभावलं. ते सगळ्या गावाची नावं एका दमात म्हणायचे, त्यात कोण जिवंत, कोण मेलेला, त्यांचं त्यांनाही कळत नसेल. दोन वर्षांपूर्वी फादर झाहारिया आले. तरणे आहेत, दोन मुली आहेत, आणि एकेक नाव सुटं सुटं वाचतात, जणू तो माणूस हाक ऐकून उभा राहणार आहे. पहिल्याच शनिवारी उजवीकडच्या नावांत त्यांनी "तोआदेर" वाचलं. शेजारची सावेता माझ्या शेजारीच उभी होती.

संध्याकाळी आली मेणबत्ती घेऊन, डोळे पुसत. "अगं, तोआदेर गेला आणि तू बोलली नाहीस? मी काय परकी आहे का?" तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हं." एवढंच. त्यावरून सावेताने वर्षभर तुझ्यासाठी मेणबत्त्या लावल्या. नुसत्या मेणबत्त्या नाहीत, शरदातल्या निजलेल्यांच्या शनिवारी तिने तुझ्या नावाने गहू शिजवले, अक्रोड आणि साखर घालून, वर क्रूस काढून. आणि ताटली भरून पहिला घास माझ्या हातात दिला. "खा गं, तुझा भाऊ होता."

तोआदेर, मी तो खाल्ला. ती बघत होती म्हणून खाल्ला. मग चर्चच्या मागे जाऊन ओकले.

दुसऱ्या शनिवारी कबुलीला गेले. फादर म्हणाले, बोला. मी म्हटलं, माझा भाऊ उजवीकडे लिहिलाय. ते म्हणाले, "देव त्याला विसावा देवो. आजारी होता का?"

"नाही फादर. स्पेनमध्ये आहे. संत्री भरतो पेट्यांत."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर एका धडधाकट माणसाला चिरविश्रांती मागतोय."

"हो."

"आणि तुम्ही समोर उभ्या राहून आमेन म्हणताय."

"हो."

मला वाटलं होतं उपास सांगतील, गुडघ्यांवर शंभर नमस्कार सांगतील. गुडघे दुखतात हेही सांगायची मी तयारी केली होती. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारपासून डावीकडे. वर्षभर. आणि नुसतं नाव नको. त्याच्यासाठी काय मागायचं ते घरून ठरवून या. मी विचारणार आहे."

पहिल्या शनिवारी मी तुझं नाव इतकं बारीक लिहिलं की त्यांनी कागद परत केला. "हे मला वाचता येत नाही, देवाला येत असेल. मोठं लिहा." मी मोठं लिहिलं. "काय मागायचं?" मी म्हटलं, आरोग्य. "त्याचं काय दुखतं?" मला माहीत नव्हतं. बाबांसारखी तुझी छाती धरते का, पितोस का, घरात कुणी आहे का, की एकटाच खोलीवर पडून असतोस, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी बसमध्ये चढलेला एक चाळीस वर्षांचा माणूस मला माहीत होता, आणि मी त्याच्यावर रागावले होते.

असे कितीतरी शनिवार गेले. मी चांगली झाले असं समजू नकोस. सावेताच्या कोंबड्या माझ्या वाफ्यात शिरल्या तर अजूनही सगळ्या गल्लीला ऐकू जातं. फक्त दर शनिवारी तुझं नाव लिहायचं म्हणून तुझी आठवण काढायला लागायची, आणि आठवण काढायची तर रागाआधीचंही आठवायचं. तू मला सायकल शिकवायला निघालास आणि दोघं पाद्र्याच्या मधमाश्यांत पडलो ते. आईच्या पाकातली बोरं तू खाल्लीस आणि मार मी खाल्ला ते. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या मध्यावर एकदा लक्षात आलं की तुझं नाव मी सगळ्यांच्या आधी लिहिलंय. ते मी ठरवून केलं नव्हतं. फादरनी वाचलं आणि पुढच्या नावाकडे वळले.

काय मागायचं हे मात्र अजून माहीत नव्हतं. म्हणून या उन्हाळ्यात सावेताकडे गेले, कारण तिची ओतिलिया तिकडे तुझ्याच गावात हॉटेलात कामाला आहे. तिला विचारायचं तर आधी तिच्या आईला खरं सांगायला हवं. सांगितलं. सावेता शेंगा सोलत होती, तिने टोपली खाली ठेवली.

"मग मी वर्षभर कुणासाठी जाळल्या मेणबत्त्या?"

"त्याच्याचसाठी. वाया नाही जात त्या."

"आणि गहू? घरचे अक्रोड घातले होते मी. तू खाल्लास पण. लाज नाही वाटली?"

"वाटली. ओकले."

"म्हणजे गहूही वाया." मग ती हसायला लागली, इतकी की पोटाला हात धरून बसली. मग एकदम रडली. म्हणाली, "जिवंत आहे ना पण तो, मरो ते अक्रोड." सावेता अशी आहे.

ओतिलियाने तुला शोधलं आणि म्हणे पहिलंच विचारलं, "काका, तुम्ही जिवंत झालात कधी?" त्या पोरीला काय पोटात ठेवायचं आणि काय बोलायचं ते कळत नाही. बोलता बोलता तिने दुसरंही विचारलं असणार, त्यावरूनच तुझा दुसरा प्रश्न आला. तुझ्या कंबरेचं, आणि त्या विधवा बाईचं जिच्या घरी तू जेवतोस, मला तिच्याकडूनच कळलं. कंबर कागदावर लिहायला लागले आहे. त्या बाईचं नाव कळव, तेही लिहीन.

आता दुसरा प्रश्न. आई खरंच झोपेत गेली का.

नाही. नऊ दिवस पडून होती. मी तुला माती झाल्यावर फोन केला आणि म्हटलं, झोपेत गेली, एकाएकी, आता येऊन काय करणार आहेस. तू पलीकडे रडत होतास, मी फोन ठेवला. आणि गावाला सांगितलं की पहिल्या दिवशीच कळवलं होतं, आला नाही. सगळा गाव अजून तेच धरून आहे. ओतिलियालाही तेच माहीत, म्हणून तिने तुला विचारलं असेल, आजी नऊ दिवस वाट बघत होती, का नाही आलात.

तू जाताना म्हणाला होतास, ताई, नुसतं कळव, कागदपत्रं गेली खड्ड्यात, मी निघतो. बसला तीन दिवस लागतात. तू पोचला असतास. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी पोस्टात फोन लावायला गेले होते. तिसऱ्या दिवशी गेले आणि पाचव्या दिवशी गेले. तुझ्या नंबरची चिठ्ठी हातात होती. दोन्ही वेळा समोरच्या दुकानातून पाव घेतला आणि घरी आले.

का, ते सांगते, पण ते कारण आहे, सबब नाही. सहा वर्षं तिला मी न्हाऊ घातलं, भरवलं, तिचे कपडे धुतले. कांपुलुंगच्या त्या सुताराला लग्नाला नाही म्हटलं, तेही तिच्यासाठी. आणि त्या नऊ दिवसांत तिने माझं नाव एकदाही घेतलं नाही. मला "मुली" म्हणायची, जशी दवाखान्यातल्या बाईला म्हणतात. तोंडात फक्त तोआदेर. तोआदेर आला का. तोआदेरला थंडी वाजत असेल. मला तिचा राग आला आणि तिच्यावर रागावता येईना, ती मरत होती. मग तुझ्यावर काढला. तू येशील, दारातून आत पाऊल टाकशील आणि तिचा चेहरा उजळेल, हे मला बघायचं नव्हतं. एवढंच आहे ते. लिहिलं की केवढंसं दिसतं.

म्हणून तुला उजवीकडे लिहिलं. जिवंत ठेवला असता तर एक ना एक दिवस तू विचारलंच असतंस.

फादरना मी यादीचं सांगितलं, हे नाही सांगितलं. वर्षभर ते पोटात ठेवून कम्युनियन घेतलं. आज घेतलं नाही, मागे उभी राहिले. येत्या शनिवारी त्यांना सांगणार आहे, पण तुला आधी सांगायला हवं होतं, गुन्हा तुझा केलाय. आणि फेब्रुवारीत तू ये किंवा नको येऊस, आईच्या प्रार्थनेनंतर जेवायला गाव बसेल तेव्हा मी उभी राहून सांगणार आहे की तोआदेरला कळवलं नव्हतं. सावेताला आज सकाळीच सांगितलं, सुरुवात म्हणून. या वेळी ती हसली नाही. उठून घरी गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी न बोलता गेली. दुपारी तिने पाव पाठवून दिला, स्वतः आली नाही.

अजून एक राहिलं, ते तुझं आहे, माझ्याकडे ठेवता येत नाही.

नवव्या दिवशी सकाळी तिने विचारलं, निघाला का गं तो? मी म्हटलं, निघाला. कुठवर आला? तुझं पहिलं पत्र कपाटात होतं, जाताना बस कुठून कुठून गेली ते तू लिहिलं होतंस. मी तेच घेऊन बसले आणि खालून वर वाचत गेले. आई, फ्रान्स संपलं. इटली संपली. आता हंगेरी. ओराद्या आलं आई, आपल्या देशात आला. मग क्लुज. ती प्रत्येक नावाला मान हलवायची. दोर्नाला आला, आता घर जवळच, म्हटल्यावर म्हणाली, मुली, दार उघडं ठेव. बाहेर गुडघाभर बर्फ होता. मी जागची हलले नाही, नुसतं म्हटलं, उघडं आहे. ती दाराकडे तोंड करून पडली आणि तशीच गेली.

ती तुझ्यावर रागावून गेली नाही, तोआदेर. तू दोर्नाला पोचला आहेस असं समजून गेली. हे सहा वर्षं मी तुझ्यापासून लपवलं.

ये म्हणायचा हक्क मला नाही, म्हणून ते लिहीत नाही.

जिने तुला कळवलं नाही,
ती तुझी बहीण,
अग्लाया