बक्कल नंबर २१४

प्रिय दिना,

फोनवर तू "ताई, जाऊ दे गं, शंभर वर्षं झाली" म्हणशील, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय चिडायचं ते चिड.

माझ्या नातीने, क्षितिजाने काल कॉम्प्युटरवर इंग्रजांच्या वेळचा एक अहवाल शोधून दिला. आपल्याकडच्या पोलीस दलाचा, १९०९ सालचा. शाळेत सिस्टरनी घोटून घेतलेलं इंग्रजी या वयात असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. 'दलाचे आरोग्य' या मथळ्याखाली साहेब लिहितो: एकंदरीत समाधानकारक. खाडीकाठच्या चौकीवर तापाने एक मयत, शिपाई नंबर २१४. बस्स. ना नाव, ना गाव. त्याखाली 'उल्लेखनीय घटना'. तिथे साहेबाचा घोडा चिखलात रुतून मेला, त्याला अख्खा परिच्छेद! घोड्याचं नाव, वय, स्वभाव, सगळं. माझा चहा तसाच गार झाला, दिना.

२१४ म्हणजे आपल्या पणजीच्या हातावरचं गोंदण. ती गेली तेव्हा तू रांगत होतास. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून धोंडूपणजीने त्याचा बक्कल नंबर गोंदवून घेतला होता. कुणी मुद्दाम नाव विचारलं की हात पुढे करायची. निर्मळच्या जत्रेत बायका चिडवायच्या, "काय गो धोंडूबाय, तुझा पलपुटा गावला का?" ती म्हणायची, "रजा मिलली का येल."

पणजोबा चौकीवर गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची, आजोबा मांडीवर. पावसाळा सरला, निरोप नाही. सासरे चौकीवर गेले, तर नव्या शिपायाने "इथे नाही तो" म्हणून वाटेला लावलं. गावाने ठरवलं, नोकरी टाकून पळाला. आपल्यात विधवेचा पाट लागायचा, दुसरं लग्न व्हायचं; तिला मागणीही आली होती. पण नवरा जिवंत असलेल्या बाईचा पाट कोण लावणार? पंचावन्न वर्षं तिने कुंकू लावलं. गेली तेव्हा हिरवा चुडा भरून नेली आणि मागे कुणीतरी पुटपुटलं, "पलपुट्याची सवाशीण." बायका हसल्या. मी आठ वर्षांची होते. मीही हसले.

आणि साहेबाला ठाऊक होतं! त्याच साली त्याने लिहिलं, खाली सही केली, छापून वर पाठवलं. चार कोसांवरच्या आपल्या घरी तेवढा माणूस पाठवला नाही.

सोमवारी तुझं कुलवृत्तांताचं पुस्तक छापायला जातंय. तू पाठवलेल्या प्रतीत वाचलं: 'हरेश्वर, पोलिसात होते, नोकरी सोडून परागंदा.' तू ऐकलं तेच लिहिलंस, तुझ्यावर राग नाही. पण ती ओळ काढ. लिही: 'हरेश्वर, पोलीस शिपाई. १९०९ साली चौकीवर तापाने वारले. पत्नी धोंडूबाई हिला कुणीही कळवले नाही.' जागा कमी पडली तर माझा फोटो काढ, माझ्या नोकरीचं कौतुक काढ. पण ते शेवटचं वाक्य गाळलंस, तर मी छापखान्यात येऊन बसेन.

तुझ्यावर ओरडणारी, तरी तुझीच,
यमुताई