बोलायला बंदी आणि कोरियातली सासू

तीर्थरूप आप्पा,
सुरतेच्या उधन्याहून तुमच्या गप्प बसलेल्या लेकीचा नमस्कार.

फोन करू नका, मी बोलून बसेन. युनियनच्या सभांमध्ये ओरडून घसा गेला, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली आहे. दुखत नाही. आवाज बहुतेक परत येईल, असं ते म्हणतात.

सोबतीला मराठीत आलेली एक कोरियन कादंबरी आहे. शेजारची हर्षदा ती संध्याकाळी मोठ्याने वाचते आणि आमच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरणाऱ्या बायका ऐकायला जमतात. त्यातली सून गिरणीतून दमून येते, तर सासू आधी भांडी दाखवते. त्या बायकांमधल्या प्रमिलाबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाई ते मन्हीच सासू शे." कामगार बायकांना परदेशी पुस्तकं कळत नाहीत म्हणणाऱ्यांना इथे आणून बसवायला हवं.

काल त्या सुनेने गिरणीमालकाला तोंडावर सुनावलं. मी तोंडावर हात दाबून बसले, पण प्रमिलाबाई उठल्या आणि आमच्या कारखान्यात बायकांना संडास का नाही, यावर दहा मिनिटं बोलल्या. सगळ्या ऐकत राहिल्या.

तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं का? कळवा.

रविवारच्या सभेत माझ्याऐवजी कोण बोलणार, याची मला काळजी होती. आता प्रमिलाबाई बोलणार आहेत, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या शेजारी बसणार आहे.

तुमची,
उज्ज्वला