टाकी एकच आहे

लातूर, एप्रिल, शनिवार संध्याकाळ

आज थक्क झाले, तेही स्वतःच्या चुकीने. आमच्या इमारतीत उद्याच्या टँकरचं पाणी वाटण्याची पाळी माझी. म्हणून सध्या शिकते आहे त्या प्रोग्रॅमिंगमध्येच हिशेब बसवला. बारा घरं, नेहमीप्रमाणे घरटी साडेचारशे लिटर, टाकी पाच हजारांची. बाराही घरांना पुरलं. इतकं सोपं होतं?

लेक पाहून हसली. "मम्मी, तू तर दर घराला नवी टाकी भरून राहिलीस. अशी टाकी लातुरात असती तर लई झालं असतं."

टाकी मी पाणी घेण्याच्या फंक्शनच्या आत लिहिली होती. लोकल व्हेरिएबल. घराची पाळी आली की पाच हजारांची टाकी नव्याने जन्मते, पाळी संपली की नाहीशी होते. आधीच्याने किती घेतलं, पुढच्याला पत्ताच नाही. तीच ओळ फंक्शनच्या बाहेर, ते ज्या क्लासचा भाग आहे त्या मोठ्या चौकटीत नेली आणि टाकी सगळ्यांची एकच झाली. फक्त एक ओळ हलवून. कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

आता अकराव्या घरानंतर पन्नास लिटर उरले.

बारावं घर शकुंतलामावशींचं. पाणी पोचत नाही म्हणाल्या की आम्ही म्हणायचो, जपून वापरा. मीही म्हटलंय. माझ्याही डोक्यात कायम भरलेलीच टाकी होती का?

घरटी चारशे केले आणि वर जाऊन मावशींना सांगितलं, हिशेबातच तुमच्यापर्यंत पाणी पोचत नव्हतं.

"हाव," त्या म्हणाल्या, "मशीनला तरी कळलं म्हणायचं."